लालबाग: जाहिरातींवर चिडणाऱ्या मामाकडे आठ दिवस

या ब्लॉगवर आजवर हिमनद्या आल्या, ज्वालामुखी आले, एकदा तर नुसतं चीज आलं. लालबाग कधी आलं नाही, कारण लालबागला जाणं मी प्रवासात धरतच नव्हते. ते मामाचं घर. या एप्रिलमध्ये मात्र आठ दिवसांची रजा टाकून मी फक्त लालबागला गेले, आणि इतक्या धाकधुकीत मी आजवर कुठल्याही विमानात बसले नव्हते.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी डेन्मार्कमध्ये राहते आणि कंपनीची यंत्रं बसवायला देशोदेशी फिरते. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून दर रविवारी मामाचा फोन. मामा जन्मभर प्रभादेवीच्या एका छापखान्यात मशीनवर होता, आता निवृत्त. मी कुठल्या देशात आहे, काय पाहिलं, काय खाल्लं, यात त्याला काडीचा रस नाही. तो एकच विचारणार, "थंयच्या टीव्हीर ब्रेक किती घेतत?"

कारण मामा टीव्हीवरच्या जाहिरातींचा हाडवैरी. इकडे षटकाचा शेवटचा चेंडू पडतो न पडतो तोच खेळाडू बिचारा कोपऱ्यात आकसतो आणि उरलेल्या पडद्यावर बनियन येतं. आवाजही दुप्पट. मामा त्या पडद्याशी भांडायचा, तेही मालवणीत. म्हणून मी त्याला बाहेरच्या बातम्या पुरवायचे. जर्मनीत सरकारी वाहिन्यांवर रात्री आठनंतर जाहिरातच नसते. न्यूझीलंडमध्ये नाताळच्या दिवशी टीव्हीवर जाहिराती बंद. यावर मामा म्हणाला, "म्हणजे देव आसा!" डेन्मार्कमधल्या आमच्या वाहिनीवर कार्यक्रमाच्या मध्ये ब्रेक घेतच नाहीत, एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होईपर्यंत काय त्या जाहिराती, हेही सांगितलं. मामा काळजीने म्हणाला, "मगे माणसा मुताक कधी जातत?" अमेरिकेत औषधाच्या जाहिरातीतच त्या औषधाने काय काय बिघडू शकतं ते वाचून दाखवतात, यावर मात्र त्याने कधी विश्वास ठेवला नाही. "गजाली मारू नको, चित्रू," म्हणून फोन ठेवला.

दिवाळीनंतर मामाला अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, चालणं सावरलं, बोलणं गेलं. त्याला समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. "ते... ते..." एवढंच. मामी फोन समोर धरायची आणि तो मान फिरवायचा. मार्चमध्ये एकदा मामी म्हणाली, "चित्रा, ते परत बोलतील याची वाट बघणं मी आता सोडलंय." मामी असं बोलणारी बाई नाही. त्याच दुपारी मी तिकीट काढलं.

भेट म्हणून काय नेलं असेल? टीव्हीच्या मागे खोचायची एक बोटभर डबी आणि वर्षभराची वर्गणी भरलेला सगळ्यांत महाग प्लॅन. मालिका, सिनेमे, जुने सामने, सगळं विनाजाहिरात. आजारी माणसाला निदान तेवढी तरी शांतता मिळावी, असा उदात्त विचार. उंटावरून शेळ्या हाकण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

विमानतळावरून आता भुयारी मेट्रो आहे. बॅगांसाठी लिफ्ट आहे, गारवा आहे, तिकीट पन्नासच्या आतबाहेर. खाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा घरच्यांना आधीच कळवून ठेवा. मी हुशारी करून सिद्धिविनायकला उतरले आणि टॅक्सी केली. "मॅडम, प्रभादेवीचा पूल तोडलाय ना, आता घूमके जायला लागेल," टॅक्सीवाले म्हणाले. त्या वळशाला मेट्रोपेक्षा जास्त वेळ लागला आणि पैसे चौपट. तुम्ही जाल तेव्हा पुलाची चौकशी करूनच उतरा.

जुनी चाळ पाडून तिथेच टॉवर झालाय आणि मामा-मामी आता अकराव्या मजल्यावर राहतात. मामा खिडकीशी बसला होता. मला बघून उठला, माझा हात दोन्ही हातांत धरला, तोंड उघडलं. "ते... ते... ते..." कपाळावर शीर उभी राहिली. मग त्याने हात सोडला आणि भिंतीकडे बघत बसला. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. या माणसाने एकेकाळी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला पाढे पाठ करायला लावले होते.

संध्याकाळी डबी बसवली. मामीची मालिका सलग चालली, मध्ये ना साबण ना सोनेतारण. मामा एकदम शांत. जेवायला भाकरी आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. मामी मला वाढताना हळूच म्हणाली, "आज किती बरं वाटतंय गं घरात." मी स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात स्पीच थेरपी होती. लालबागहून परळ म्हणजे खरं तर चालायचं अंतर, पण उन्हात मामाला नको म्हणून टॅक्सी केली. थेरपिस्ट तरुण, हसऱ्या. त्यांनी मामासमोर चित्रं ठेवली. केळं, छत्री, घड्याळ. मामाने केळं बघितलं, मॅडमना बघितलं आणि कार्ड परत सरकवून दिलं. साठी उलटलेल्या माणसाला केळं दाखवतात, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. तीन वेळा असं झाल्यावर मॅडमनी कार्डं आवरली.

"घरी काही बोलतात का हो?" त्यांनी मामीला विचारलं. "एखादा शब्द? आरती? गाणं? कधीकधी तयार बोलणं वेगळ्या रस्त्याने बाहेर येतं."

"नाही," मामी म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली, हे मला आज लिहिताना कळतंय.

"असं काही सापडलं ना, तर तिथून सुरुवात करता येते," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर हे माझ्याशी काम करायलाच तयार नाहीत. असंच चाललं तर थोडे महिने थांबू या आपण."

थांबू या म्हणजे काय ते आम्हाला तिघांनाही कळलं.

तिसऱ्या दिवशी मी हट्टाने मामीला बाहेर काढलं. झटका आल्यापासून ती देवळापलीकडे गेली नव्हती. मामाजवळ शेजारच्या वहिनी बसल्या आणि आम्ही टॅक्सीने गिरगावला गेलो, मामीच्या माहेरच्या गल्लीत. मामी पक्की गिरगावकर. बोलणं स्वच्छ, पदर नीट, तोंडातून वावगा शब्द नाही. मालवणी नवऱ्याबरोबर पस्तीसेक वर्षं काढूनही तिने 'मेल्या' एवढासुद्धा शब्द उचलला नाही. एका जुन्या खानावळीत आम्ही कोथिंबीर वडी, थालीपीठ आणि पन्हं घेतलं. दोघींचे चारशेच्या आसपास झाले आणि पोट तुडुंब. संध्याकाळी गेलात तर बाहेर उभं राहायची तयारी ठेवा.

पन्ह्याचा घोट घेऊन मामी मोकळी झाली. "तुझ्या त्या डबीचे उपकार आहेत गं. निदान शिव्या तरी थांबल्या."

"कसल्या शिव्या?"

मामीने आजूबाजूला पाहिलं, आवाज उतरवला. "जाहिराती लागल्या की द्यायचे. गेले पंधरा-वीस दिवस. इतकं स्पष्ट की वहिनींनाही ऐकू जायचं."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "मामी! मामा बोलत होता?"

"बोलणं कसलं ते? शिव्या त्या."

"मग काल मॅडमना का नाही सांगितलंस?"

"त्या एवढ्या शिकलेल्या मुलीसमोर काय सांगू? इतके महिने मी देवाकडे ह्यांचा एक शब्द मागितला आणि देवाने दिला तो हा! मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. उद्या कुणी म्हणालं, वेडसर झाला हा माणूस, तर?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा हात धरून बसले. वेटर बिल ठेवायला आला आणि तसाच मागे गेला.

माझी अवस्था म्हणजे करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ज्या एका गोष्टीने मामाच्या तोंडून शब्द निघत होते, ती मी विमानात बसून, वर्षभराचे पैसे भरून बंद पाडायला आले होते. चौपाटी बघायची राहिली. समोर दिसली ती टॅक्सी केली.

घरी येऊन मी डबी उपटली आणि केबल पुन्हा लावली. मामा संशयाने माझ्याकडे बघत होता. जेवणाची पानं वाढली, मालिका लागली. पहिला ब्रेक आला. टूथपेस्ट, मसाला, सोनेतारण. मामा भात कालवत राहिला. काही नाही. मामीने माझ्याकडे पाहिलं. दुसरा ब्रेक आला, तरी काही नाही. मला वाटलं, संपलं, मी ते बिघडवून ठेवलं.

तिसऱ्या ब्रेकला, आमटीची वाटी तोंडाला लावलेली असताना, संडास साफ करायचं औषध आलं. मोठ्या आवाजात, अगदी जवळून, जंतूंसकट. आपल्या देशात ही जाहिरात जेवणाच्या वेळीच का लागते, हे मला कुठल्याच देशात कळलेलं नाही. मामाने वाटी खाली ठेवली.

"गप रवा रे मेल्यांनू!"

खणखणीत. जुना आवाज, जुना जोर. मामीने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही. मामा आमच्याकडे बघत राहिला. आपण बोललो हे त्याला आमच्या तोंडांवरून कळलं असावं. त्याने पडद्याकडे बोट केलं आणि मुद्दाम, चाचपत, पुन्हा म्हटलं, "मेल्यांनू." या वेळी त्याचेही डोळे भरले होते.

चौथ्या दिवशी मामीने स्वतः फोन करून मॅडमना सगळं सांगितलं. 'मेल्यांनू' हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला आणि उच्चारून झाल्यावर पदराने ओठ पुसले. मॅडम म्हणाल्या, "काकू, हे रागाच्या भरात आपोआप येणारं बोलणं आहे. वेडबिड काही नाही. घेऊन या त्यांना, आणि जाहिरातीपण आणा."

जाहिराती आणण्यात मी कसर ठेवली नाही. मामासाठी म्हणून मी देशोदेशी हॉटेलच्या टीव्हीसमोर फोन धरून चित्रण करत असे, ते सगळं फोनमध्ये होतं, त्याला दाखवायचं मात्र राहूनच गेलं होतं. परळच्या त्या छोट्या खोलीत केळ्याची कार्डं बाजूला गेली. आधी आपलं संडासाचं औषध. मामाने ठरलेला आहेर केला. मॅडम हसून म्हणाल्या, "बरोबर आहे काका. कधी दाखवतात हे? आपण काय करत असतो तेव्हा?" मामा अडकला. ओठ हलले, मान हलली. आम्ही कुणीही मदत करायची नाही असं ठरलं होतं आणि मामीने माझं मनगट आवळून धरलं होतं. "जे... जेव..." मामा म्हणाला. "जेवताना."

मग मी अमेरिकन जाहिरात लावली. हिरवळ, कुत्रा, हसणारं जोडपं, आणि मागे एक गोड आवाज, चक्कर, सूज, रक्तस्राव, यकृत, सगळं भराभर सांगणारा. मी वाक्यावाक्याचं मराठी करत गेले. मामाचे डोळे मोठे होत गेले. इतकी वर्षं मी थापा मारत नव्हते हे त्याला पटत होतं. शेवटी त्याने त्या हसणाऱ्या गृहस्थाकडे बोट केलं आणि सावकाश म्हणाला, "मरतलो... तो."

शिवी नव्हे. सवयीचं वाक्य नव्हे. मामाच्या डोक्यात आलेला, त्याचा स्वतःचा विचार. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सगळं बोलणं परत येईल असं मी आज म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण थांबायचं वगैरे आता डोक्यातून काढा. आठवड्याला तीन दिवस या." मामीने तिथल्या तिथे तिन्ही वेळा ठरवून घेतल्या.

उरलेले दिवस भुर्रकन गेले. दादरला मामीबरोबर भाजी आणि फुलं घेतली. सकाळी लवकर जा, दहानंतर पाय ठेवायला जागा नसते. रोज संध्याकाळी तिघं टीव्हीसमोर. मामी मालिकेपेक्षा ब्रेकची वाट बघायची आणि ब्रेक लागला की मामाकडे सरकून विचारायची, "काय विकतायत हो?" कधी शब्द यायचा, कधी नुसतं "ते, ते". पण आता तो भिंतीकडे वळत नव्हता. निघताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "चि... चि..." म्हणाला. पुढचं आलं नाही. मला तेवढं पुष्कळ होतं.

घरी येऊन आता महिना होत आलाय. ती डबी माझ्या टीव्हीमागे आहे. इथली शांतता पूर्वीसारखी आवडत नाही, एवढं खरं. जाहिराती चांगल्या असं मी म्हणणार नाही, मामा ऐकेल तर काय म्हणेल! पण माणसाचा राग शाबूत असणं हीसुद्धा तब्येतीची खूण असते, हे मला लालबागला कळलं.

गेल्या रविवारी मामीचा फोन आला. मॅच चालू होती आणि ब्रेक लागल्यावर तिने मामाकडे फोन दिला. त्याने मान फिरवली नाही. "चित्रू," तो म्हणाला. "थंडी?" मला इतकं भरून आलं की मी सुटलेच. हवा सांगितली, मॅडम काय म्हणाल्या ते विचारलं, रोज सराव कर, पाणी भरपूर पी, मामीला त्रास देऊ नकोस. माझी गाडी थांबेना. मागून प्रेक्षकांचा गोंगाट ऐकू आला.

"ठेव," मामा म्हणाला.

"काय?"

"ठेव गो. मॅच... सुरू झाली."

आणि त्याने फोन कापला. सोमवारी ऑफिसात मी भेटेल त्याला सांगत सुटले की मामाने माझा फोन मध्येच कापला. मी एवढी खूश का, हे तिथे कुणालाच कळेना.