साबणाचा राहिलेला हात

हे मी लिहिणारच नव्हते खरं तर. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. वाटलं, साचेकाका म्हणतील, पोरी, आमच्या घरातलं चव्हाट्यावर कशाला आणलंस. शेवटी त्यांनाच जाऊन विचारलं, तर म्हणाले, "लिही की. फक्त काकूला माझ्यापेक्षा हुशार दाखव, नाहीतर घरात माझं काही खरं नाही." तर आता एका दमात लिहून टाकते, थांबले की परत उडवेन.

साचेकाका म्हणजे आमच्या कॉलेजच्या मानववंशशास्त्र विभागात, जिन्याखालच्या खोलीत, निम्मं आयुष्य काढलेला माणूस. आदिमानवाच्या कवट्या, जबडे, दगडी हत्यारं यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती बनवायच्या हे त्यांचं काम. आम्ही ज्या कवट्या हातात घेऊन फोटो काढतो ना, त्या सगळ्या त्यांच्या हातच्या. त्या खोलीत शिरलं की ओल्या प्लास्टरचा वास येतो, फळीवर ओळीने दात विचकून बसलेले पूर्वज दिसतात आणि मध्ये काका, भुवयांपर्यंत पांढरे, अखंड बोलत. ऐकायला कुणी नसलं तर कवटीशी बोलतात. "बस बाबा सरळ, एवढी वर्षं आडवाच होतास ना."

घरीही तेच. काका बोलायचे, काकू ऐकायच्या, आणि मध्येच एक वाक्य असं टाकायच्या की काकांची बोलती बंद. लग्नानंतर बरीच वर्षं दोघं मिळून साचेच करायचे, छताला लावायची प्लास्टरची फुलं, कमानींची नक्षी. पुढे काकांना ही नोकरी लागली आणि काकूंचा हात त्या कामातून सुटला.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात अधू झाला आणि शब्द गेले. म्हणजे एकही नाही. घशातून फक्त "अं, अं" यायचं. लेक येऊन राहिली, तिलाही नोकरी होती, गेली. दिवसा शेजारीण येऊन बसायला लागली. काका आजही तिचं नाव निघालं की हात जोडतात.

बोलणं शिकवणाऱ्या ताई घरी यायच्या. एकदा त्यांनी काकूंपुढे चार चित्रं मांडली. चमचा, सुरी, वाटी आणि बाळ. यातलं वेगळं कोणतं? काका मागे उभे राहून बघत होते. आपल्याला वाटतं, सोप्पं आहे, बाळ. काकूंनी डाव्या हाताने चमचा आणि वाटी उचलून बाळाजवळ ठेवली आणि सुरी लांब, पार टेबलाच्या कडेला सरकवली. ताई म्हणाल्या, "वेळ लागेल, घाई नको." पण काकांच्या डोक्यात भलतंच आलं. शब्द गेले ते गेले, पण त्यांच्यामागची बाईही गेली की काय. चाळीस वर्षं जिच्याशी बोललो ती आत आहे का नाही. हा एकच प्रश्न त्यांना खात होता आणि तो विचारायचा कुणाला.

मग त्यांनी आपल्या स्वभावाला धरून केलं. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. दारावर दार, खुर्चीवर खुर्ची, रेडिओवर रेडिओ. सकाळ संध्याकाळ काकूंना घेऊन फिरायचे. "म्हण, दा... दा... दार." काकू दाराकडे बघायच्या, मग काकांकडे, मग खिडकीबाहेर. दिवसेंदिवस त्यांचं ते "अं" पण कमी झालं.

आमच्या मॅडम आणि वरच्या मजल्यावरचे मानसशास्त्राचे सर काकांच्याच खोलीत चहा पितात आणि तिथेच भांडतात. त्या दिवशी काकांनी भांडण मध्येच तोडलं. चित्रांचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांना विचार करता येत होता, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "आधी ते चित्रांचं. असली चित्रं घेऊन पूर्वी संशोधक लांबलांबच्या खेड्यांत जायचे. शाळा न पाहिलेली माणसं वस्तू वापराप्रमाणे एकत्र ठेवायची, की हे लिहायचे, यांचा विचार जुनाट. सुरी बाळापासून लांब ठेवली, यात वहिनींचं चुकलं काय?"

"आमच्याच लोकांनी केलंय ते," सर म्हणाले. "वर्गीकरण शाळा शिकवते हो. डोकं आधीपासून असतं."

मग मॅडमनी फळीवरची दगडी कुऱ्हाड काकांच्या हातात दिली. "तुम्हीच केलीय, तरी बघा. ही कड आधी घासून तयार ठेवलीय, मोठा घाव नंतर घातलाय. म्हणजे घाव घालायच्या आधी तो बनवणाऱ्याच्या डोक्यात होता. हा माणूस बोलत होता का, यावर आमची अजून मारामारी आहे. पण त्याचा विचार बघायचा तर आपण हात बघतो. पुढच्या पायरीची तयारी दिसते का, ते बघतो."

"आणि ते बिनशब्दांचं डोकं आपण टाकून दिलेलं नाही," सर म्हणाले. "बुटाची नाडी बांधताना तुम्ही मनात काय बोलता? काही नाही."

काका त्या दिवशी ती कुऱ्हाडच हातात फिरवत बसले. सरांनी मला नंतर विचारलंसुद्धा, काकांना बरं नाही का.

पुढच्याच आठवड्यात शेजारणीला गावाला जावं लागलं. काका काकूंना सोबत घेऊन आले, खिडकीशी खुर्ची दिली आणि कामाला लागले. खालचा जबडा ओतायचा होता. साचाही प्लास्टरचाच, दोन भागांचा. अशा साच्याला आतून आधी साबणाच्या पाण्याचा हात द्यावा लागतो, नाहीतर ओतलेलं प्लास्टर साच्याला असं चिकटतं की दोन्ही फोडावे लागतात. काकांचं अर्धं लक्ष खुर्चीकडे. ऊन लागतंय का, तहान लागली का. त्या नादात त्यांनी एका भागाला साबण लावला, दुसरा तसाच कोरडा राहिला, आणि ते प्लास्टर कालवून ओतायला वाकले.

काकूंनी उठून त्यांचं मनगट धरलं.

"अगं थांब, घट्ट होतंय हे. काय हवंय? पाणी? म्हण, पा..."

काकूंनी मनगट सोडलं. टेबलावरून नजर फिरवली, डब्यातला ब्रश डाव्या हाताने उचलला, साबणाच्या पाण्यात बुडवला, कडेला निथळला आणि कोरड्या भागावरून फिरवला. एकदा, मग खाचांमधून दुसऱ्यांदा. दातांच्या जागी ब्रश उभा धरून, अगदी छताच्या फुलांच्या साच्यांना द्यायच्या तसा.

काकांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं आणि प्लास्टर त्यातच दगड झालं. पुढची पायरी. ती पुढची पायरी बघत होती. ते स्टुलावर बसले आणि रडायला लागले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग फळीवरच्या जवळच्या पूर्वजाच्या कवटीवर बोटाने टकटक केलं, कान देऊन ऐकलं. नंतर काकांच्या कपाळावर टकटक केलं, ऐकलं, आणि दोन्ही सारखीच रिकामी अशी मान हलवली. काका रडता रडता हसायला लागले, ते थांबेचनात.

घरी गेल्यावर त्यांनी चिठ्ठ्या काढायला घेतल्या. आता काकू रोज खोलीत येतात, साबणाचा हात त्यांचाच. ताईही तिथेच येतात आणि कामातूनच शिकवतात, काका त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची पुसून ठेवतात. शब्द अजून चारपाचच आलेत. काका म्हणतात, "येतील तेव्हा येतील. बाई घरात आहे, मला कळलंय. मॅडमचे आणि त्या कुऱ्हाडवाल्याचे उपकार."

मागच्या सोमवारी काका विभागात आले तर शर्टाच्या पाठीवर काकूंनी चिकटवलेली घरातली चिठ्ठी. रेडिओ. मॅडमनी वाचली आणि चहा सांडला. सर म्हणाले, "घ्या, हे झालं वर्गीकरण." काकांनी ती काढू दिली नाही. दिवसभर पाठीवर मिरवली.

तुमच्याही ओळखीत असं एखादं गप्प झालेलं माणूस असेल. या आठवड्यातच जा ना त्यांच्याकडे. प्रश्न नका विचारू. काहीतरी काम काढा, सोबत बसा आणि त्यांचे हात बघा.