खड्डा भरत नाही

आमचा विलास रिटायर झाला आणि त्याच्या बापाचं लोखंड कातायचं जुनं लेथ मशीन दुरुस्त करायला बसला. हत्यार ज्या पट्टीवर सरकतं ती सपाट झाली नाही, तर मशीन भंगारात जाणार, असं सुनेनं सांगून ठेवलंय. मी दारात पाय पसरून बघत बसते.

एका सपाट लोखंडाला निळा रंग लावायचा आणि त्यावर पट्टी फिरवायची. पट्टीच्या उंच जागी रंग लागतो, तेवढंच हातानं खरवडायचं. मग पुसायचं, परत रंग. काल त्यानं रंग जाड लावला, तर पट्टी सगळीच निळी झाली.

"आई, जमलं. सगळीकडे रंग लागला, म्हणजे सपाट."

"पुसून पातळ लाव बघू. जाड रंग खोल जागीही लागतो. तुझा बाप बोटानं पुसून घ्यायचा."

लावला, तर दोन टोकांनाच ठिपके उठले. विलास खालीच बसला.

"मधे खड्डा आहे गं."

"मग भर की."

"भरता येत नाही. बाकीचं सगळं खरवडून खड्ड्याएवढं खाली आणायचं."

 याचा बाप गेला तेव्हा बाया म्हणायच्या, दिवस जातील तसं भरून येईल. कुठलं येतंय. आम्हीच खाली आलो. आधी माझं रात्रीचं जेवण गेलं, मग थोरल्या मुलीची शाळा, मग घरातलं हसणं. तेव्हा कुठं घर सरळ चालायला लागलं. दमले मात्र फार.

विलास मनगट चोळत होता. "देऊन टाकू का भंगारात?"

"चहा पी आधी," मी म्हटलं. "आणि रंग पातळच लाव."