अर्ध्या इडलीचं विज्ञान

अख्ख्या बनशंकरीत स्वतःचं अज्ञान आमच्या शाळेतल्या या बाईइतक्या थाटात मिरवणारी दुसरी मिळायची नाही. ती तिसरी ‘अ’ला विज्ञान शिकवते, मी ‘ब’ला, मध्ये एक भिंत. एम.एस्सी. झालेली बाई, पण पोरांनी काही विचारलं की डोळे मोठे करून आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणते, “मला कुठे ठाऊक! स्वल्प थांबा, बघू या.” तीन पिढ्या जयनगरात मुरलेलं मराठी घर तिचं, आजोबासुद्धा शिकलेले. अशांना ‘ठाऊक नाही’ म्हणणं परवडतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा बाजार समितीत हमाली करायचे. मी पाठ करून पास झाले आणि त्याची मला लाज नाही. माझ्या वर्गाला झाडाचे भाग झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणतील.

हिच्या पर्समध्ये लोहचुंबक, गंजलेले खिळे, काडेपेटीत मेलेला भुंगा. डब्यातली शेवटची इडली ती कधी पुरती खात नाही. उरलेल्या अर्धीचे तीन तुकडे: एक खिडकीत, एक ओल्या फडक्यात, एक स्टाफरूमच्या कपाटात, नेमका माझ्या वह्यांशेजारी. बुरशी आधी कुठे येते यावर पोरांच्या पैजा. वास येतो म्हटलं तर म्हणाली, “अक्का, रागावू नकोस. उद्या तुझा एक लाडू दे ना, त्याला बुरशी येते का बघू.”

“माझ्या लाडवाला?”

“तुला काय वाटतं, येईल?”

हिच्याशी धड भांडताही येत नाही. भांडणाचाही प्रयोग होतो. शेवटी मी मुख्याध्यापिकांकडे तक्रार केली. त्या आल्या, कपाटात वाकून बघितलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. बुरशी किती वाढली ते बघायला!

हेही सोसलं असतं. पण माझी मुलगी हिच्याच वर्गात. परवा जेवताना तिनं विचारलं, “आई, पाल भिंतीवरून पडत कशी नाही?” मी तोंड उघडणार तोच म्हणाली, “राहू दे. तू लगेच सांगून टाकशील. मी मिसला विचारते.”

मग ही बाई तापानं घरी राहिली आणि ‘अ’चा तास माझ्याकडे आला. मनात म्हटलं, आता कळेल पोरांना, शिकवणं कशाला म्हणतात. सगळे हात वर. मी फटाफट उत्तरं देत गेले, एकही चुकलं नाही. दहा मिनिटांत सगळे हात खाली आले, ते पुन्हा वर गेलेच नाहीत. उरलेली पंचवीस मिनिटं मी कोरा फळा पुसत होते. मुलगी मान खाली घालून बसलेली. तिला माझी कीव येत होती.

आज बाई परतली. पलीकडून गलका ऐकू आला म्हणून मी तिच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. पोरं काचेच्या बरणीभोवती गोळा झालेली; मागची एक बुटकी पोर बाकावर चढून विचारत होती, विचारतच होती. इतके दिवस मला वाटायचं, मी या बाईवर जळते. मी जळत होते त्या पोरीवर. तिच्याएवढी असताना मीही एकदा वर्गात उभी राहून विचारलं होतं, चुलीतला धूर वरच का जातो? मास्तर म्हणाले, “परीक्षेत येत नाही ते. खाली बस.”

मी बसले. नंतर पदवी मिळेपर्यंत कुठल्याच वर्गात काही विचारायला उठले नाही.