साडूंचा ओमाहा

पृथ्वीवर कुठलाही खेळ निघाला, तरी तो आधी त्यांच्या निमोणे गावात खेळून झालेला असतो, असं आमच्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. शेवंती पिकवतात आणि तीनपत्तीत त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात नाही. दौंड तालुक्यात मी आहे, पण माझं काम फक्त हरण्याचं. अशा माणसाने साठी उलटल्यावर ओमाहा नावाचा पोकर शिकायला घेतला, तो मुलीपायी. ती पुण्यात कंपनीत आहे. महिन्यातून एका रविवारी येते, जेवते, फोनवर हाच खेळ खेळत बसते आणि तीनच्या एसटीने निघून जाते. "तीनपत्तीचा तिला कंटाळा येतो म्हनं," साडू मला फोनवर म्हणाले. "मग तिचा खेळ आपन शिकायचा. पाच वाजंपतुर तरी बसंल पोरगी. तुमी बी या पाव्हणं, दोघांत डाव रंगत न्हाई."

तेव्हापासून मी त्यांचा वर्गबंधू झालो. नियम सोपे आहेत, असं भाची म्हणते. हातात चार पत्ते, मध्ये उघडे पाच. हातातले नेमके दोन आणि मधले नेमके तीन घेऊन डाव लावायचा. पैशांच्या जागी भुईमुगाच्या शेंगा. पहिल्या रविवारी साडूंनी पत्ते उचललेच नाहीत. त्यांवर तळहात ठेवून तीनपत्तीच्या थाटात म्हणाले, "मी ब्लाइंड हाय. ज्यानं बघितलं त्यानं डबल टाका!"

"आप्पा, यात तसं नसतं. पत्ते बघा."

"बघनारा भित्रा असतो."

भाची त्यांना समजावत होती, तोवर मी सवयीने दुप्पट शेंगा टाकूनही बसलो होतो.

दुसऱ्या खेपेला त्यांच्या हातात चारही राजे आले. साडूंनी ते असे आपटले, की दाराशी झोपलेलं कुत्रं उठून थेट रस्त्याला लागलं. यातले दोनच राजे धरायचे हे ऐकल्यावर ते खरोखर संतापले. "चार भाऊ घरात असताना दोघांनीच शेतात जायचं, आन् बाकीच्यांनी काय माशा मारायच्या?" भाचीने आपले पत्ते उघडले. तिने नुसत्या सत्त्या-अठ्ठ्यांची रांग लावून तो डाव जिंकला. पुढच्या महिन्यात ऐन रंगात लाईट आली. शेवंतीला पाणी द्यायचं, म्हणून साडू उठले. आम्ही पत्ते बघू या भीतीने त्यांनी ते टोपीखाली घातले आणि मोटर चालू करायला गेले. अर्ध्या तासाने गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतले, टोपीखालून चार घामट पत्ते काढले आणि म्हणाले, "हां, चाल कुनाची?" तोवर मधल्या निम्म्या शेंगा मी खाल्ल्या होत्या.

सहा महिने झाले, तरी साडूंचा गाडा पहिल्याच धड्यावर. गेल्या रविवारी भाची वैतागून चहा टाकायला आत गेली. माझ्याकडे काही नाही असं समजून मी पत्ते खाली ठेवणार, तेवढ्यात साडूंनी माझ्या पत्त्यांत डोकावून माझं मनगट धरलं. "पाव्हणं, डोळं हायत का बटनं? मधी तीन बदाम, तुमच्याकडं दोन. पाची बदाम झालं की! तिच्याकडं एक्क्याची जोडी असली तरी एका रंगाचं पाच भारी, दाबून लावा."

मी पत्ते पुन्हा उचलले. "साडूभाऊ, म्हणजे तुम्हाला येतं?"

"तिसऱ्या रविवारीच आलं."

"मग दर वेळी हा गोंधळ कशाला?"

साडूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "येतंय म्हनलं, की शिकवायचं संपलं. मग उठंलच की ती."

भाची चहा घेऊन आली. सव्वातीन वाजून गेले होते, पण तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. साडूंनी चारही पत्ते छातीशी धरून निरागसपणे विचारलं, "हातातलं किती घ्यायचं म्हनालीस?"

"आप्पा!" तिने कपाळावर हात मारला, मांडी घातली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. साडू मान डोलावत ऐकत होते. पत्त्यांकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.