रक्तपिशाचाचा आवाज

नांदुऱ्याच्या बाजारात माझे वडील धान्याचा लिलाव, म्हणजे आमच्याकडचा हर्रास, पुकारायचे. त्यांनी भाव पुकारला की स्टेशनापर्यंत ऐकू जातो, असं लोक म्हणत. स्टेशनाचं मला माहीत नाही, पण घरातली त्यांची कुजबुजसुद्धा शेजाऱ्यांना कळायची. तोच आवाज माझ्यात उतरलाय, याचा त्यांना भारी अभिमान. उतारवयात त्यांची दृष्टी पार गेली आणि माणसं त्यांच्यासाठी नुसती आवाजापुरती उरली.

मी शाळेत शिकवायचो आणि हौशी नाटकांत कामं करायचो. टीव्ही आमच्याकडे नुकताच पोचला होता. मुंबईच्या कुणीतरी माझं नाटक पाहिलं आणि भुताखेतांच्या एका मालिकेत मला घेतलं. काम होतं पडक्या गढीतल्या इनामदाराचं. मेल्यावरही तो रोज उठून लोकांचं रक्त प्यायचा. माझी उंची, बसलेले गाल आणि खोल डोळे बघून निवड झाली, हे उघडच होतं. आई म्हणाली, रंगरंगोटीचा खर्च वाचला त्यांचा.

ते खोटे सुळे लावले की प्रत्येक शब्द शिट्टी मारत बाहेर पडे. म्हणून सुळे घरी आणून मी सुट्टीभर तालीम केली. वडील बाजेवर बसून ऐकत. "शेवटचा शबद गियू नको," असं बजावत. "दार उघडं ठेवलंत, म्हणजे मला बोलावलंत," हे माझं वाक्य त्यांना इतकं आवडलं की आल्यागेल्याला तेच ऐकवायचे.

मुंबईत चित्रण झालं, सगळ्यांनी वाहवा केली. मालिका सुरू झाली त्या संध्याकाळी आमची गल्ली कापडवाल्या शेजाऱ्यांच्या ओसरीवर जमली. वडिलांना खुर्ची अगदी टीव्हीजवळ. गढीचं दार करकरलं, मी पडद्यावर आलो, पोरं आयांच्या पदरात शिरली. मग मी तोंड उघडलं आणि दुसराच कुणी बोलला. गुळगुळीत, शहरी आवाज. माझे कान तापले. गल्लीचं आवाजाकडे लक्षच नव्हतं. तिनं टाळ्या वाजवल्या, वडिलांचं अभिनंदन केलं. वडिलांनी नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला फोन लावला. तुमच्या बोलण्याला गावाचा वास येतो, पलीकडचा म्हणाला, इनामदार असं बोलत नसतात. त्यानं किती इनामदार पाहिले होते देव जाणे. मला एवढा संताप आला की एक धड शिवी सुचेना.

वडिलांना मी नीट समजावलं. चेहरा माझा, चालणं माझं, आवाज तेवढा दुसऱ्याचा. ते नुसतं हसले. त्यांच्या हर्रासात ज्याचा आवाज, त्याचीच बोली. तोंड एकाचं आणि बोलणं दुसऱ्याचं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती. आईनं शपथ घेतली, शेजाऱ्यांनी घेतली. त्यांना वाटलं, काम हातचं गेलंय आणि सगळे मिळून माझी लाज झाकताहेत. "गेलं त गेलं," ते मला म्हणाले, "त्याच्यात काय लाजाचं?"

मालिका चालली तोवर रस्त्यात पोरं मला बघून पळायची आणि घरात वडील माझी समजूत काढायचे. मी चिडायचो, मग उठून बाहेर जायचो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम माझ्या बापापुरतं झालंच नाही, याचं वाईट अजून वाटतं.

मालिका संपली. पुढे वडिलांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी मला ते वाक्य म्हणायला लावलं. मी म्हटलं, पूर्ण आवाजात, शेवटचा शब्द न गिळता. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"असं पाह्यजे होतं," ते म्हणाले. "तुलेच द्याले पाह्यजे होतं थे काम."