पेट्रोलला धीर असतो

सुदाम मिस्त्री गेल्याचं नातीनं फोनवर वाचून सांगितलं, तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. "आजी, सेलूचे ते मोपेडवाले आजोबा गेले गं." मी म्हटलं, "मोपेड माझी होती. ते मिस्त्री होते." चूक सुधारायची खोड काही जात नाही. मग विळी आडवी केली आणि कैऱ्या तशाच झाकून ठेवल्या. त्याला आता दीड महिना झाला.

ज्याच्यापुढं मला आपलं शहाणपण गुंडाळून ठेवावं लागलं, असा हा पहिला माणूस. १९८९ साली माझ्याकडं शहाणपण उदंड होतं. सातवीला विज्ञान शिकवायची, आणि जगात आपल्याला न कळणारं काही उरलेलं नाही असा माझा पक्का समज होता. शाळा सेलूपासून चौदा किलोमीटर. ती भरायची साडेदहाला आणि एसटी पोचायची साडेअकराला, म्हणून वडिलांनी मला मोपेड घेऊन दिली. पदर खोचून, गॉगल चढवून मी बाजारातून निघाले की लोक वळून बघायचे. मला वाटायचं, कौतुकानं! आमच्या ह्यांना मात्र ती गाडी पहिल्यापासून खुपायची. दोनदा ती बंद पडल्यावर ह्यांनी सांगून टाकलं, "आता एकदा जरी ढकलत आणलीस, तर गाडी विकायची अन् नोकरीचा राजीनामा द्यायचा."

त्या आठवड्यात पंपावर पेट्रोलच आलं नव्हतं. आमच्या विहिरीवरचं इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि तापलं की रॉकेलवर चालायचं, हे मी रोज बघत होते. विज्ञानाच्या बाईनं लगेच सिद्धांत मांडला : तापलेल्या इंजिनाला रॉकेल चालतं. टाकीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर शाळा गाठली, सुटल्यावर तळाच्या थेंबांवर इंजिन तापवलं, मग शाळेच्या चहाच्या स्टोव्हचं रॉकेल बाटलीभर टाकीत ओतलं, वर मापानं ऑइलही घातलं. मापाला मी फार काटेकोर! परत येताना चढावर इंजिन वाजायला लागलं, पत्र्यावर हरभरे सांडावेत तसं. मला वाटलं, गाडीला जोर आलाय. मी मूठ आणखी पिळली. पायाच्या नडगीला धग लागायला लागली, आणि मग एक आचका देऊन सगळं गप्प झालं. तिथून तीन किलोमीटर ढकलत थेट मिस्त्रींच्या शेडमध्ये.

मिस्त्री मूळचे खेड्यातले. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं, तेव्हा बायको आणि पान्यांची पेटी घेऊन ते सेलूला आले आणि स्टेशनच्या वाटेवर पत्र्याची शेड टाकून बसले. माणूस कमी बोलायचा.

"काय टाकलं बाई टाकीत?"

"पेट्रोल," मी म्हटलं.

त्यांनी टाकीचं झाकण काढून वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "बरं. मग खोलून पेट्रोललाच इचारू." त्यांनी पोतं अंथरलं, पाना माझ्या हातात दिला. "बसा. तुमीच खोला. गाडी तुमची हाय."

"मी? साडीत?"

"इंजिनाला कुठं साडी दिसायलीय?"

तास-दीड तासानं पिस्टन माझ्या तळहातावर आला. माथ्यावर खड्डे, अंगावर ओरखडे, आणि माझे हात कोपरापर्यंत काळे. मी कबूल करून टाकलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "शेतातल्या इंजिनात दाब कमी. ते रॉकेलसाठीच घडवलंय. ह्याच्यात दाब जास्त. पेट्रोल कितीबी दाबा, ठिणगीची वाट बघत गप बसतंय. रॉकेलला धीर न्हाई. ठिणगीची आग पोचायच्या आधीच ते आपसूक फुटतंय. ती टकटक त्याचीच, अन् ती आग पिस्टनच्या डोक्यात शिरती. पंपावर सत्त्याऐंशी लिवलेलं बघितलंय ना? त्याला ऑक्टेन म्हनतेत. तो धीराचा नंबर हाय."

इतकी वर्षं फळ्यावर दाब आणि तापमान लिहीत होते. ते मला त्या पोत्यावर कळलं. पण तेव्हा माझं सगळं लक्ष घराकडं. "मिस्त्री, ह्यांना सांगू नका हो. पिस्टनच खराब निघाला म्हणा. नोकरी जाईल माझी."

ते हात पुसत म्हणाले, "मी खोटं बोलत न्हाई, बाई. पर तुमच्या आधी बी बोलत न्हाई."

दोन दिवसांनी गाडी न्यायला हे स्वतःच आले, मला सोबत घेऊन. "काय मिस्त्री, बाईमाणसाच्या हातात यंत्र टिकतं का?"

मिस्त्रींनी जळका पिस्टन माझ्यापुढं ठेवला. "बाई सांगतील, भाऊसाहेब."

मग मी सांगितलं. विहिरीवरचं इंजिन, स्टोव्हची बाटली, चढावरची टकटक, धीराचा नंबर, सगळं. आवाज सातवीच्या वर्गातला. आता राजीनामा, असं धरून मी थांबले. हे खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे... पोळ्याला माझी स्कूटर जाम झाली, ती..."

"व्हय, रॉकेलच," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वास येतोच की. तुमी बोलला न्हाईत, मी बी बोललो न्हाई."

ह्यांचे कान लाल! विकायचा विषय तिथंच संपला, तो कायमचा. मी ऐटीत गाडीवर बसले, हे मागं बसायला गेले, तर मिस्त्रींनी हात आडवा धरला. "नवा पिस्टन हाय, दोघांचं वजन न्हाई चालायचं. बाई गाडी नेतील. तुमी चालत या." आणि हे खरंच चालत आले हो! नव्या पिस्टनला दमानं चालवायचं म्हणून मीही त्यांच्या शेजारून हळूहळू... भर बाजारातून. त्या दिवशी लोक कुणाकडं बघत होते, ते मी विचारलं नाही.

एवढ्यावर शहाणी झाले असते तर ती मी कसली? पुढच्या वर्षी भावाकडून पुण्याचं त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल मागवलं, गाडी वाऱ्यासारखी पळेल म्हणून. मिस्त्री पोट धरून हसले. "म्हशीला बदाम चारले म्हनून दूध बदामाचं येतंय का, बाई? हिच्या दाबाला सत्त्याऐंशी लय झालं." चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तेव्हा ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शाळेत पेढे घेऊन आले. सोळा वर्षं, एवढंच मी म्हटलं. ते म्हणाले, "आमचा नंबर वरचा हाय, बाई," आणि पहिल्यांदाच मला त्यांचे डोळे भरलेले दिसले.

मागच्या आठवड्यात शेडवर जाऊन आले. आता शेड त्यांची लेक चालवते. मला वाटलं होतं कुलूप असेल, पण आत पोत्यावर एक तरुण नर्सबाई मांडी घालून बसली होती. पुढ्यात तिच्याच स्कूटरचं इंजिन, गालाला काळं लागलेलं. मिस्त्रींची लेक बाजूला हाताची घडी घालून उभी, अगदी बापासारखी, एक शब्द न बोलता. नर्सबाई चुकीचा नट पिळत होती. मला तो दिसत होता. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. कोपऱ्यातल्या डब्यावर जाऊन बसले. तिची चूक तिला सापडेपर्यंत तिघीही गप्प होतो.