सीडी मेली

अमरावतीत मी ज्याच्याकडे लॅपटॉप दुरुस्तीला नेतो, तो गिऱ्हाइकाशी बोलत नाही, लॅपटॉपशी बोलतो. "काहून रे, थकला काय?" असं विचारतो आणि स्क्रू काढायला लागतो. आपण स्टुलावर पेशंटच्या नातेवाइकासारखं बसायचं.

माझ्या जुन्या लॅपटॉपची सीडी ड्राइव्ह अडकायला लागली, तेव्हा मी नवी बसवायला सांगितली. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "सर, सीडी मेली. तिच्या जागी एसएसडी, म्हंजे फास्टवाली डिस्क, टाकून देतो. मंग पळते पाहा कसा."

लॅपटॉप खरंच पळू लागला. स्टाफरूममध्ये मी सीडीवाल्यांना हसू लागलो.

महिन्याभराने कॉलेजचा एक प्रस्ताव मी सरकारी कार्यालयाला ईमेलने पाठवला. तिथल्या बाबूने फोन करून कळवलं, की दोन छापील प्रती आणि सोबत सीडी हवी, तीही आजच.

मी तणतणत दुकानात गेलो. "सीडी मेली म्हणाला होतात ना?"

त्याने खालचा खण ओढला. आत पंचवीसेक ड्राइव्ह रांगेने ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून मालकाचं नाव लिहिलेलं होतं. सगळे मास्तर, वकील, ग्रामसेवक. त्यातली माझी काढून त्याने वायरने लॅपटॉपला जोडली. ती आता अडकत नव्हती. कधीतरी साफ करून ठेवली होती.

"मले माहीत होतं तुमी येसान," तो ड्राइव्हकडे पाहत म्हणाला. "सीडी मेलीच हाय सर. पण हापिसाले कोणी सांगतलं नाई अजून."